बिल्ल्यामागचा कारखाना : जुना जपानी ड्रमसेट कसा ओळखावा

१९६० च्या दशकातल्या जपानी ड्रमसेटवरचा बिल्ला तो सेट विकला कोणी हे सांगतो. बनवला कोणी, याबद्दल बहुतेक वेळा गप्पच असतो. अमेरिकेतले घाऊक व्यापारी जपानी कारखान्यांकडून ड्रम बनवून घेत आणि त्यांवर आपले नाव ठोकत. अपोलो, मॅजेस्टिक, झिमगार अशी कितीतरी नावे याच वाटेने बाजारात आली. म्हणून बिल्ल्यावर विसंबून केलेली ओळख अनेकदा फसते.

नावे पुष्कळ असली, तरी त्यांच्यामागचे मोठे उत्पादक मोजकेच होते. कात्सुमी यानागिसावा यांनी १९४६ मध्ये टोकियोत नोटेशनचे स्टँड बनवायला सुरुवात केली आणि १९५० मध्ये ते ड्रमकडे वळले. तीच आजची पर्ल कंपनी. होशिनो गाक्कीने १९६५ मध्ये ‘स्टार’ या नावाने ड्रम बनवायला घेतले आणि १९७४ मध्ये ‘टामा’ हे नाव आणले. यामाहाचे ड्रम १९६७ पासूनचे. ही वर्षे पाठ असली की पहिली मर्यादा लगेच मिळते : ‘टामा’ लिहिलेला मूळ बिल्ला असलेला सेट १९७४ च्या आधीचा असू शकत नाही.

मागणी वाढली त्याचे कारणही तारखेला उपयोगी पडते. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स झळकले. सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी तो पाहिला आणि घरोघरच्या मुलांना ड्रम हवे झाले. डॉलरचा भाव तेव्हा ३६० येनला बांधलेला होता. तो १९४९ पासून १९७१ पर्यंत तसाच राहिला, त्यामुळे जपानी माल अमेरिकेत स्वस्त पडे. बिननावाच्या किंवा अनोळखी नावाच्या सेटांचा मोठा भरणा याच काळातला आहे.

अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यानुसार आयात वस्तूवर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक होते. ते कधी बिल्ल्यावर कोरलेले असे, कधी नुसत्या कागदी चिठ्ठीवर. चिठ्ठी गळून पडते. त्यामुळे ‘मेड इन जपान’ दिसले तर पुरावा पक्का, पण दिसले नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

खरा भरवशाचा साक्षीदार म्हणजे लाकूड. चामडे काढून ड्रमच्या आत पाहिले, की स्वस्त जपानी सेटात बहुधा लुआनचे प्लायवूड दिसते. लुआन हे फिलिपाइन्स व आग्नेय आशियातले, आपल्या सालवृक्षाच्याच कुळातले लाकूड. आपल्याकडच्या वखारीत त्याचे भाऊबंद ‘मेरांटी’ म्हणून मिळतात. जपान त्या काळात तिथून ओंडके मोठ्या प्रमाणावर आणत असे, म्हणून हे प्लायवूड त्याला स्वस्त पडे. रंग लालसर-तपकिरी, छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढी मोठी, पोत खरखरीत. ड्रमच्या कडेवर, जिथे थरांचा छेद उघडा असतो तिथे, भिंगातून पाहिले तर कधी कधी राळेच्या नलिकांच्या पांढुरक्या रेघाही सापडतात. सालापासून राळ मिळते, ती याच कुळगुणामुळे. अमेरिकन ड्रममध्ये वापरल्या जाणाऱ्या मेपलची छिद्रे इतकी बारीक असतात, की दोहोंत घोटाळा होण्याची भीती नाही. मेपलपेक्षा लुआन मऊ. पातळ शेलचा, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्याचा, गोलपणा टिकावा म्हणून वरच्या-खालच्या कडेला आतून लाकडी कडी चिकटवलेली असते. प्लायची टोके जुळतात ती उभी सांधरेघही नोंदवून ठेवावी, कारण एकाच सेटमधल्या सगळ्या ड्रमांचा सांधा सारखा नसेल, तर सेट जुळवून केलेला असण्याची शंका घ्यावी.

बाहेरच्या मोतिया किंवा चमचमत्या प्लॅस्टिक आवरणाकडे वळताना लगचे (चामड्याचा ताण धरणाऱ्या, ड्रमच्या बाजूला बसवलेल्या धातूच्या भागांचे) स्क्रू सैल करून पाहणे फायद्याचे ठरते. उजेडाने आवरण पिवळे पडते, पण लगखाली आणि बिल्ल्याखाली मूळ रंग शाबूत राहतो. तिथला ठसा आताच्या लगच्या आकाराशी जुळला नाही, किंवा जुनी बुजवलेली भोके दिसली, तर लग बदललेले आहेत. चामडे मात्र सर्वांत कमकुवत पुरावा. पॉलिएस्टरची ‘चामडी’ १९५७ मध्ये बाजारात आली खरी, पण ती झिजते व बदलली जाते. तिच्यावरून ड्रमचे वय काढणे चूक.

लगच्या आकारावरून उत्पादक ठरवतानाही सबुरी हवी. जपानी कारखान्यांनी लुडविग, स्लिंगरलँड यांसारख्या अमेरिकी घाटांची सर्रास नक्कल केली, त्यामुळे ओळखीचा घाट दिसला तरी ड्रम अमेरिकी ठरत नाही. बिल्ला, लाकूड, सांधा, लग अशा किमान दोन-तीन स्वतंत्र खुणा एकाच कारखान्याकडे बोट दाखवत असतील, तरच नाव घ्यावे. तारीखही नेमके वर्ष म्हणून न देता ‘१९६५ ते १९७०’ अशा टप्प्यात सांगणे अधिक प्रामाणिक.

१९७० च्या दशकात हे चित्र पालटले. येन महागला आणि जपानी कंपन्या स्वतःच्या नावाने व्यावसायिक वादकांसाठी दर्जेदार ड्रम विकू लागल्या. यामाहा आणि टामा यांच्या वरच्या दर्जाच्या सेटांत लुआनऐवजी बर्च आले. पुढे स्वस्त सेटांचे उत्पादन जपानबाहेर गेले. पर्लची १९८२ ची ‘एक्सपोर्ट’ मालिका तैवानमध्ये बनली. त्यामुळे लुआनचा, अनोळखी नावाचा आणि जपानी शिक्क्याचा सेट हाती आला, तर तो १९८० पूर्वीचा असण्याचीच शक्यता अधिक.