विश्लेषण : जुन्या ‘एमपीएफआय’ गाडीचे इंजिन झटके का खाते? दोष नेमका कसा शोधायचा?

सिग्नलला थांबले की इंजिनचा आवाज खालीवर होतो, एसी लावताच गाडी बंद पडते, घाटात पिकअप मिळत नाही. वीस-पंचवीस वर्षे जुन्या पेट्रोल गाडीच्या मालकांना ही लक्षणे ओळखीची आहेत. अशा वेळी ‘सेन्सर गेला असेल’, ‘ईसीएम गेला असेल’ असे म्हणत एकेक भाग बदलला जातो आणि खर्च वाढत जातो. प्रत्यक्षात दोष अनेकदा भेगाळलेल्या रबरी नळीत किंवा सैल कपलरमध्ये असतो. तो शोधण्याचा क्रम कसा असावा, याविषयी…

‘एमपीएफआय’मुळे काय बदलले?

कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीने पेट्रोल खेचले जात असे. मल्टि पॉइंट फ्युएल इंजेक्शन अर्थात ‘एमपीएफआय’ प्रणालीत प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा इंजेक्टर असतो आणि तो किती वेळ उघडा ठेवायचा हे संगणक (ईसीएम) ठरवतो. भारतात १९९८मध्ये आलेल्या ह्युंदाई सँट्रोत ही प्रणाली पहिल्यापासून होती. १ एप्रिल २०००पासून देशभर ‘इंडिया २०००’ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्या सुमारास मारुती ८००लाही एमपीएफआय इंजिन मिळाले. या पिढीतल्या गाड्या आता ‘क्लासिक’ होऊ लागल्या आहेत.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हे गणित संगणक सेन्सरच्या आकड्यांवरून मांडतो. मात्र हवा, पेट्रोल आणि ठिणगी या इंजिनच्या तीन मूलभूत गरजा बदललेल्या नाहीत. म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करावी लागते.

लक्षणावरून काय ओळखता येते?

‘गाडी नीट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून मेकॅनिकला काही कळत नाही. बिघाड केव्हा होतो, हे महत्त्वाचे.

सकाळी थंड इंजिन कुरकुरते आणि गरम झाल्यावर सुरळीत चालते, तर कूलंट तापमान सेन्सरवर संशय घ्यावा. उलट, गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते, तर इग्निशन कॉइल, क्रँक किंवा कॅम सेन्सर, इंधन पंप किंवा त्याचा रिले तापून दगा देत असण्याची शक्यता असते. आयडलिंगला त्रास आणि वेगात ठीक, तर हवेची गळती किंवा कार्बन धरलेली थ्रॉटल बॉडी तपासावी. आयडलिंग ठीक पण चढावर दम नाही, तर पेट्रोलचा पुरवठा पाहावा. पावसाळ्यात सकाळीच मिसिंग होत असेल, तर प्लगच्या जुन्या वायरमधून ओलाव्यामुळे ठिणगी बाहेर पळते. अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यास ती निळसर चमक दिसतेही.

सुरुवात कोठून करावी?

बॅटरीपासून. गाडी बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. व्होल्टेज कमी असेल, तर सेन्सरचे आकडे आणि इंजेक्टरचे काम दोन्ही बिघडू शकतात. इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तर अनेक सेन्सर एकाच वेळी ‘खराब’ झाल्यासारखे भासतात. ती काढून घासून घट्ट बसवण्यास फारसा खर्च येत नाही.

त्यानंतर प्लग काढून पाहावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरके टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन अति तापते आहे, आणि तेलकट टोक म्हणजे ऑइल जळते आहे. एकच प्लग वेगळा दिसत असेल, तर दोष त्याच सिलिंडरपुरता आहे. सगळे सारखेच काळे असतील, तर कारण सामाईक आहे.

हवेची गळती कशी ओळखावी?

इनटेक मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळ्या वीस वर्षांत कडक होऊन भेगाळतात. गळती असेल तर आयडलिंग वाढते किंवा सतत खालीवर होते. ‘हिस्स’ असा आवाजही येतो. एकेक नळी पक्कडीने हलकेच दाबावी. एखादी दाबताच आयडलिंगमध्ये फरक पडला, तर शोध तिथून पुढे न्यावा. मात्र ब्रेक बूस्टरची नळी दाबून इंजिन सुधारले, तर विलंब न करता दुरुस्ती करावी. तो प्रश्न ब्रेकचाही आहे. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनवर कार्बोरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत गॅरेजमध्ये दिसते. तो द्रव ज्वलनशील असल्याने घरी हा प्रयोग टाळावा.

पेट्रोल पुरेसे येते का?

चावी ‘ऑन’ करताच टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा, पंप नंतर. पण गुणगुण आली म्हणजे दाब पुरेसा आहे असे नाही. तो गेजनेच मोजावा लागतो. या काळातील बहुतेक गाड्यांत तो साधारण २.५ ते ३ बार असतो. नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. प्रेशर रेग्युलेटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी असेल, तर ती काढून पाहावी. तिच्यात पेट्रोल आढळल्यास आतला पडदा फाटला आहे. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि कमी मायलेज यांचे मूळ तिथे असू शकते. पेट्रोलची लाइन दाबाखाली असते. ती उघडण्याचे काम मेकॅनिककडेच सोपवावे.

‘चेक इंजिन’चा कोड म्हणजे निकाल का?

नाही. कोड फक्त तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत स्कॅनरऐवजी तपासणी कपलरमधील ठरावीक टोके जोडून दिव्याच्या लुकलुकीवरून कोड मोजतात.

ऑक्सिजन सेन्सरचे उदाहरण बोलके आहे. गरम इंजिनमध्ये त्याचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ यांदरम्यान सतत खालीवर होते. ते खालीच अडकले, तर ‘पेट्रोल कमी’ असा अर्थ निघतो. पण एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसेल, तर तिथला न जळलेला ऑक्सिजनही याच सेन्सरपर्यंत पोहोचतो. संगणक पेट्रोल आणखी वाढवतो, सायलेन्सरमधून वास येतो, पीयूसीत गाडी नापास होते आणि खरे बोलणारा सेन्सर बदलला जातो. दोष मात्र प्लगच्या वायरमध्ये असतो.

कूलंट सेन्सर मल्टिमीटरने तपासता येतो. अनेक गाड्यांत त्याचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो. गरम इंजिनलाही तो ‘थंड’ असल्याचे सांगत असेल, तर संगणक जणू चोक ओढून ठेवतो.

हवा, पेट्रोल, ठिणगी आणि सेन्सर सगळे ठीक निघाले, तर कॉम्प्रेशन तपासावे. सर्व सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाचा फारच कमी असेल, तर दोष व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटचा आहे. ईसीएमचा क्रमांक या सगळ्यानंतर लागतो.

‘ई-२०’चा संबंध किती?

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. ‘ई-०’साठी बनवलेल्या चारचाकींचे मायलेज ‘ई-२०’वर ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात आहे. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, सील यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा धोका अधिक. त्यामुळे इंधन नळ्या तपासून योग्य दर्जाच्या बसवणे शहाणपणाचे. मात्र प्रत्येक झटक्याचे खापर इंधनावर फोडले, तर खरा दोष तसाच राहतो.

दुर्लक्ष केले तर काय होते?

मिसिंग होत असताना गाडी चालवत राहिल्यास न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो अति तापून निकामी होऊ शकतो. ओव्हरटेक करताना किंवा घाटात इंजिन बंद पडले, तर प्रश्न खर्चापुरता उरत नाही. स्टिअरिंग जड होते आणि दोन-तीनदा दाबल्यानंतर ब्रेकची मदतही संपते.

म्हणून गॅरेजमध्ये जाताना बिघाड थंड की गरम इंजिनला, आयडलिंगला की चढावर आणि किती मिनिटांनी होतो, याची नोंद न्यावी. भाग बदलण्याआधी ‘काय मोजले?’ हे जरूर विचारावे. काढलेला जुना भाग परत मागावा. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळते.