देखणेपणाची शस्त्रक्रिया (भाग ५) : हळदीची कॅप्सूल डॉक्टरांना सांगितली का?

माधवनगरात हळद कुणी औषध म्हणून मोजत नाही. शेजारच्या सांगलीत तिचे सौदे निघतात, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि आमटीत ती रोज पडते. त्यामुळे पापणीवरची ओघळलेली कातडी काढायला किंवा पोटावरची चरबी कमी करायला निघालेल्या माणसाला ‘काय काय औषधं चालू आहेत?’ असं विचारलं, तर त्याला हळद आठवत नाही. आमटीतल्या हळदीपुरतं त्यात काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो हळदीतल्या कुर्क्युमिनच्या कॅप्सूलचा.

नुसतं कुर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तेव्हा ते शरीरात पोचण्याचं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. म्हणूनच आजच्या कित्येक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो. कुर्क्युमिन प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत त्यामुळे किती रक्त जास्त जातं, याचा पुरावा तोकडा आहे. तरीही पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यामागे रक्त साचलं, तर दृष्टी जाऊ शकते. आणि ही शस्त्रक्रिया काही तातडीची नसते. त्यामुळे अशा कॅप्सूल, तसंच लसूण, जिन्को, जिनसेंग यांच्या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवण्याचा सल्ला रास्तच म्हणायला हवा. माशाच्या तेलावरही हाच ठपका होता, पण हृदयशस्त्रक्रियेच्या सुमारे १,५०० रुग्णांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यानं रक्तस्राव वाढलेला दिसला नाही. ते घेत असल्यास डॉक्टरांना सांगावं मात्र नक्की.

ॲस्पिरिनबाबत असा संशय उरत नाही. एका गोळीनं प्लेटलेट कायमची निकामी होते, आणि तिचं आयुष्य असतं आठ-दहा दिवसांचं. नव्या प्लेटलेट तयार होऊन जुन्यांची जागा घेईपर्यंत गोळीचा परिणाम राहतो. डोकं दुखलं म्हणून आठवड्यापूर्वी घेतलेली डिस्प्रिनसुद्धा म्हणूनच सांगावी लागते. आयबुप्रोफेनचा असर त्यामानानं लवकर ओसरतो. ओठांत फिलर भरून घेताना या गोळ्यांमुळे ओठ चांगले आठवडाभर काळेनिळे राहू शकतात. साखरपुडा तोंडावर आलेल्या मुलीला हे आधी कळलेलं बरं.

पण इथेच सगळ्यात घातक चूक होते. वडिलांच्या हृदयात स्टेंट आहे, ते रोज इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल घेतात, आणि पापणीच्या शस्त्रक्रियेआधी शेजारच्या कुणाच्या सांगण्यावरून दोन्ही बंद करतात. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका त्या काळ्यानिळ्या डागापेक्षा कितीतरी मोठा. मिरजेत ज्यांनी स्टेंट बसवला, त्या डॉक्टरांशी शस्त्रक्रिया करणाऱ्यानं फोनवर बोलून निर्णय घ्यावा. जमत नसेल तर तारीख पुढे ढकलावी. मेटोप्रोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी किंवा बरेच महिने चालू असलेलं स्टेरॉइड अचानक सोडणंही असंच अंगाशी येतं.

मधुमेहाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावीत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली सांगितलं. उपाशीपोटी ती चालू राहिली तर साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोनचं आम्ल साचतं, आणि ग्लुकोमीटर बघणाऱ्याला ते कळत नाही. थांबवलेल्या गोळीऐवजी साखरेसाठी काय घ्यायचं, हे मधुमेहाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

वजन उतरवण्याची टिर्झेपटाइड, सेमाग्लुटाइड ही आठवड्याची इंजेक्शनं २०२५ पासून भारतात जोरात आली. वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी काढून घ्यायला येणारी माणसंही आता वाढणार. या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं. रात्रभर उपाशी असूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भूल चढताना ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. भूलतज्ज्ञाला इंजेक्शनची तारीख कळली, तर तो आदला दिवस फक्त पातळ आहारावर ठेवायचं किंवा डोस चुकवायचं ठरवू शकतो.

केसांसाठी घेतलेलं बायोटिन रक्तस्राव वाढवत नाही, पण तपासण्या फसवतं: थायरॉइडचे आकडे चुकतात, हृदयविकार दाखवणारं ट्रोपोनिन खोटं कमी येतं. बोट्युलिनमचं (बोटॉक्सचं) इंजेक्शन घ्यायला निघालेल्यानं जेंटामायसिन किंवा अमिकॅसिनची इंजेक्शनं चालू असतील तर सांगावं, कारण त्यांनी स्नायूंची शिथिलता जास्त वाढते.

आणि मिश्री. सिगारेट ओढता का, या प्रश्नाला काकू नाही म्हणतात, ते खरंच असतं. मिश्रीतलं निकोटिन मात्र कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतंच, आणि पोटाची कातडी ताणून शिवलेल्या जागी रक्त कमी पोचलं तर कडा काळ्या पडून सडतात. किमान चार आठवडे आधी ती सुटायला हवी, शस्त्रक्रियेनंतरही तितकेच आठवडे ती नको. डॉक्टरांनी मिश्री, तपकीर, गुटखा अशी नावं घेऊनच विचारायला हवं.

दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पट्ट्या, डबे, काढ्याची बाटली, सगळं पिशवीत घालून न्यावं. परतताना प्रत्येक औषधापुढे दोन तारखा लिहून घ्याव्यात: बंद कधी करायचं आणि पुन्हा सुरू कधी करायचं. दुसरी तारीख बहुतेकदा विचारायची राहून जाते.