दाटीतल्या पनवेलला मोकळी माती हवी

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही या गावाची तळी. आणि वाड्यांच्या मागे परसू, त्यात विहीर, केळी, अळू, अडुळसा. आता वाडे जाऊन तिथे इमारती उभ्या राहत आहेत. अटल सेतू आणि नव्या विमानतळामुळे घरांची मागणी वाढतच जाणार. दाटी टळणार नाही, पण दाटीत बाग बसत नाही हा समज टाळता येतो.

याचा दाखला जवळच, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. सात घरं आणि मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं सामायिक अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण. सगळी घरं बैठी किंवा दुमजली, तरी मोकळ्या जागा धरून हेक्टरी सुमारे पाचशे माणसं राहतील असा आराखडा. अंगण मोजक्या घरांचं असल्यामुळे त्याला धनी मिळतो. झाडाला पाणी कोण घालणार, हा प्रश्न सात घरांत सुटतो. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत तो माळ्यावर येऊन पडतो.

आजची सोय वेगळी आहे. खाली गाड्या, वर पोडियम आणि पोडियमवर हिरवळ. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१३ च्या निकालात मुंबईपुरतं स्पष्ट सांगितलं होतं, की नियमानुसार सोडायची मनोरंजनाची किमान जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नाही. निकाल तेव्हाच्या मुंबईच्या नियमांवर होता. त्यातला विचार मात्र पनवेललाही लागू पडतो. कोकणातला पाऊस मुरायला उघडी जमीन लागते आणि करंज, बकुळ, बहावा यांच्या मुळांना खोली लागते. स्लॅबवर यातलं काहीच नीट साधत नाही.

तरी गच्ची वाया घालवू नये. फक्त वजनाचा हिशेब आधी करावा. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात वापराचा भार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरतात, बाल्कनीसाठी तीनशे. फूटभर ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते! म्हणून जुन्या इमारतीत माती पसरण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं आणि वॉटरप्रूफिंग तपासून घ्यावं. श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने पालापाचोळा, उसाचं चिपाड आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून हलकं माध्यम तयार करायची वाट दाखवली. त्यात मेथी, मिरची, वांगी, कढीपत्ता सहज येतात आणि कचरागाडीवरचा भारही उतरतो.

खरी अडचण जुन्या पनवेलमधल्या छोट्या भूखंडांची. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत दहा टक्के मोकळ्या जागेची अट साधारण चार हजार चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांना आहे. त्याहून लहान इमारतीभोवती उरते ती अरुंद पट्टी, तीही पार्किंगमध्ये जाते. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र पुनर्विकास केला, तर या पट्ट्या जोडून एक खरं अंगण निघतं. चटई क्षेत्रावर घासाघीस करतानाच ही बोलणी करायला हवीत, कारण पाया खणून झाल्यावर जमीन परत मिळत नाही.

म्हणून करारावर सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. स्लॅब नसलेली, उघडी जमीन नकाशात किती आणि कुठे? पोडियमवर मातीची खोली किती, आणि तिचं ओलं वजन हिशेबात धरलंय का? पावसाचं पाणी मुरणार कुठे? देखभालीचा खर्च कोणाकडे? उत्तरं तोंडी नकोत, नकाशात आणि करारात हवीत. बिल्डर माहितीपत्रकात झाडं रंगवून देतो. ती लावायला माती राखून ठेवणं हे मात्र रहिवाशांचंच काम आहे, आणि ते सहीआधीच करायचं आहे.