तिकिटाला नंबर हवाच

पावसाळ्यात आपल्या कर्जत-खालापूरकडे रानभाज्यांचे कार्यक्रम होतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली आणि तांदळाची भाकरी खायला मुंबईहूनही माणसं येतात. अशा थाळीची तिकिटं कशी करायची, ते आज सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या गटानं एका कागदावर हातानं कुपनं लिहिली, झेरॉक्स काढल्या आणि कात्रीनं कापल्या. नंबर नाही, शिक्का नाही. संध्याकाळी बघतो तर ताटं गेली जास्त आणि पैसे आले कमी. विकायला बसलेल्या ताईकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. उघड कुणी बोललं नाही, पण ती दोन महिने बैठकीला आली नाही. तिनं पैसे घेतले याचा पुरावा आमच्याकडे नव्हता, आणि घेतले नाहीत याचा तिच्याकडे नव्हता.

म्हणून यंदा तिकिटाचे दोन भाग केले. छोटा भाग आपल्याकडे राहतो, ती स्थळप्रत. मोठा भाग गिऱ्हाइकाला. दोन्हींवर एकच नंबर.

ए-फोर कागदावर दोन उभ्या रांगांत चार-चार, अशी आठ तिकिटं बसतात. ३८ कागदांत ३०४ तिकिटं झाली. नंबर टाकताना एक युक्ती करा. पहिल्या कागदाच्या वरच्या डाव्या तिकिटाला १, दुसऱ्या कागदावर त्याच जागी २, असं ३८ पर्यंत. त्याच्या खालच्या जागी ३९ ते ७६. अशा आठही जागा भरा. सगळे कागद एकावर एक ठेवून कापले की ओळीनं नंबर असलेल्या आठ गड्ड्या हातात येतात. आठ जणींना एकेक गड्डी द्या आणि वहीत सही घ्या.

फाडायची भोकांची रेघ प्रेसवाले पाडून देतात. घरीही जमते. शिलाई मशीनला जुनी सुई लावा, दोरा काढा आणि कागद कापण्याआधी रेघेवरून मशीन चालवा.

कागद रंगीत घ्या, म्हणजे साधी झेरॉक्स लगेच ओळखू येते. गटाचा शिक्का रंगीत शाईनं, रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा येईल असा मारा. इंकजेट प्रिंटरची शाई पावसात पसरते. म्हणून प्रेसमध्ये किंवा लेझर प्रिंटरवर छापा.

तिकिटावर काय लिहायचं? कार्यक्रमाचं नाव, वार आणि तारीख, वेळ, किंमत, थाळीत काय मिळेल, किती भाकऱ्या, आणि चौकशीचा फोन. पत्त्यात ‘कर्जत, जिल्हा रायगड’ असं पूर्ण लिहा, कारण अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत तालुका आहे. कार्यक्रम खोपोलीकडे असेल तर जवळचं स्टेशन लिहा. त्या बाजूला लोकल कमी आहेत, माणसं गाडी बघून निघतात. छापण्याआधी एक नमुना काढून दोघींनी मोठ्यानं वाचा. चुकीची तारीख ३०४ वेळा छापली जायला नको.

पाहुण्यांना फुकट ताट द्यायचं असेल तरी याच गड्डीतलं तिकीट ‘निमंत्रित’ लिहून द्या. ताट देताना तिकीट घेऊन डब्यात टाका. तिकिटाशिवाय ताट नाही, गटातल्या बायकांनाही नाही.

संध्याकाळी हिशेब असा. समजा तिकीट १२० रुपयांचं आहे. विकली २४७, निमंत्रित १२, उरली ४५. बेरीज ३०४ आली पाहिजे, आणि पैसे २९,६४० रुपये. डब्यातली तिकिटं मोजली की ताटं किती गेली तेही कळतं. फरक आला तर कोणत्या गड्डीत, ते स्थळप्रत सांगते. कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज उरत नाही.

मैत्रिणींनो, नंबर म्हणजे अविश्वास नव्हे. खरं वागणाऱ्या बाईला तो आधार आहे. यंदा १ ते ३८ ची गड्डी आम्ही त्याच ताईच्या हाती दिली.