आपली कातडी आणि भरून येणारी जखम

कोलशेतच्या खाडीला ओहोटी लागली की चिखलात उतरणाऱ्या माणसाचे पाय एकदा नीट पाहावेत. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपा वस्तऱ्यासारख्या धारेच्या. तिवरांची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली. जाळ्यात शिंगाळा सापडला तर त्याचा काटा वेगळाच. आज कोलशेत ठाणे शहराचा भाग झाले आहे, उंच इमारती आल्या आहेत. पण खाडी आहे तिथेच आहे, आणि तिच्यात पाय घालणाऱ्याला कापायचे ते कापतेच. शेतावर विळा, कोयता आणि बाभळीचा काटा हेच काम करतात.

पायाला कापले की घरात तीन माणसे तीन उपाय सांगतात. एक म्हणतो, हळद दाब. दुसरा म्हणतो, चुना लाव. तिसरा म्हणतो, काही लावू नकोस, उघडी ठेव, वाऱ्याने सुकेल. कुणी खाडीच्याच पाण्याने पाय धुतो, कारण पाणी खारट, म्हणजे जंतू मरणार असा त्याचा हिशेब. यातले खरे काय आणि खोटे काय, हे कळायला आधी कातडी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

मोठ्या माणसाची कातडी उलगडून पसरली, तर सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा चटईएवढी जागा व्यापील. ही चटई सगळीकडे सारखी जाड नाही. पापणीवर तिचा वरचा थर कागदासारखा पातळ, तर तळपायावर त्याच्या कितीतरी पट जाड. हा वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. त्याच्या अगदी तळाशी जिवंत पेशी असतात. त्या सारख्या नव्या पेशी तयार करून वर ढकलतात. वर येता येता पेशी चपट्या होतात, मरतात आणि कौलांसारख्या एकीवर एक बसतात. तळापासून वर येऊन झडून जायला साधारण चार आठवडे लागतात. अंघोळीच्या वेळी अंग घासल्यावर जो मळ निघतो, त्यात आपल्याच मेलेल्या पेशी पुष्कळ असतात. या थरात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून नुसते खरचटले तर रक्त येत नाही.

खाली अंतस्त्वचा आहे. चपलेचे चामडे म्हणतो ते जनावराचा हाच थर. कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांचे हे विणकाम आहे. त्यात रक्तवाहिन्या, घामाच्या पिंडांच्या नळ्या, केसांची मुळे आणि स्पर्शाच्या, दुखण्याच्या, उष्णतेच्या बातम्या नेणाऱ्या नसा असतात. घामाच्या पिंडांची संख्या अंगभर मिळून वीस ते चाळीस लाख भरते. त्याच्याही खाली चरबीची गादी. केसांच्या मुळांकडे विशेष लक्ष द्या, त्यांचे काम पुढे पडणार आहे.

शिक्षकांना वर्गात करून दाखवता येईल असा एक सोपा प्रयोग सांगतो. दोन पेन्सिलींची बोथट टोके एकमेकांपासून अर्ध्या सेंटीमीटरवर धरा आणि डोळे मिटलेल्या मुलाच्या बोटाच्या शेंड्यावर अलगद टेकवा. तो म्हणेल, "दोन आहेत." तीच टोके तेवढ्याच अंतरावर पाठीवर टेकवा. तो म्हणेल, "एकच आहे." बोटाच्या शेंड्यावर नसांची टोके दाट, पाठीवर विरळ. इतके समजावायला फळ्यावरच्या चित्रापेक्षा हा प्रयोग बरा.

आता जखम. कालवाने तळपाय कापला. पहिल्या काही मिनिटांत कापलेल्या रक्तवाहिन्या आपणहून आकसतात, रक्तातल्या बिंबिका तोंडाशी गोळा होऊन बूच बसवतात आणि त्यावर फायब्रिनच्या तंतूंचे जाळे पडते. आपण स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे दाबून धरायचे. रक्त थांबले का हे पाहायला कापड दर मिनिटाला उचलून बघितले, तर बसत आलेले बूच निघून येते.

काही तासांत पांढऱ्या पेशी जखमेत उतरतात आणि जंतू गिळू लागतात. दोन-तीन दिवसांनी त्यांच्याहून मोठ्या भक्षक पेशी येतात. मेलेला कचरा त्या उचलतात आणि पुढच्या कामकऱ्यांना बोलावतात. जखमेभोवती थोडी लाली, थोडी सूज, थोडी उष्णता दिसते ती या कामाची. एवढ्याने घाबरू नये. मात्र लाली रोज पसरत गेली, पू आला, ठणका वाढला किंवा ताप भरला, तर तो जंतूंचा जोर आहे असे समजावे.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून तळाशी लाल, दाणेदार मांस दिसू लागते. त्याला मांसांकुर म्हणतात. नव्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आणि कोलॅजन विणणाऱ्या पेशी मिळून हे दाणे बनतात. हे मांस नाजूक असते आणि जरासे खरवडले तरी रक्त येते. त्याच वेळी जखमेच्या कडांवरून बाह्यत्वचेच्या पेशी आत सरकू लागतात. जखम उथळ असली तर त्या केसांच्या मुळांतूनही वर येतात. म्हणून मोठे पण उथळ खरचटलेले ठिकाणी ठिकाणी बेटे उगवावीत तसे लवकर झाकले जाते, आणि खोल जखम कडेकडूनच हळूहळू मिटते.

कोलॅजन विणायला क जीवनसत्त्व लागते. अठराव्या शतकात जॉर्ज अ‍ॅन्सनच्या इंग्रजी जहाजांवर महिनोन्‌महिने ताजे अन्न न मिळालेल्या खलाशांचे कित्येक वर्षांपूर्वी भरलेले व्रण पुन्हा उकलले होते. व्रणाचे धागे आयुष्यभर झिजतात आणि पुन्हा विणले जातात, हे यावरून कळते. आवळा, पेरू, लिंबू आपल्याकडे मुबलक आहेत. जखमी माणसाला 'आंबट खाऊ नको, पू होतो' असे सांगणारी मंडळी त्याचे नुकसान करतात.

भरलेल्या जागेला पहिली बळकटी कधीच येत नाही. तीन आठवड्यांनी ती मूळ कातडीच्या पाचव्या हिश्शाइतकी असते. पुढे कित्येक महिने वाढत जाऊन ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचते आणि तिथे थांबते. टाके काढले म्हणजे काम संपले, असे समजून दुसऱ्या दिवशी पोते उचलणाऱ्याने हे ध्यानात धरावे.

हे सगळे शरीर करते. कुठलेही औषध जखम भरत नाही. आपल्या हाती एवढेच की शरीराच्या कामात अडथळा येऊ द्यायचा नाही. ही गोष्ट पुण्याजवळच्या एका कारागिराला सव्वादोनशे वर्षांपूर्वी चांगली ठाऊक होती.

कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबईचे दोन इंग्रज शस्त्रवैद्य, क्रुसो आणि फिंडले, यांनी ते पाहिले आणि ही हकिगत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. पाहणाऱ्यांची नावे छापली गेली. करणाऱ्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही, याचे वाईट वाटते.

त्याची रीत अशी. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या थोटकावर बेतायची, ती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण सगळी सोडवायची नाही. दोन भुवयांच्या मध्ये तिचा देठ तसाच ठेवायचा आणि त्या देठावर पीळ देऊन कातडी खाली नाकावर बसवायची. देठातून रक्त येत राहते, म्हणून कातडी जगते. साधारण पंचविसाव्या दिवशी, नव्या जागेतून रक्ताची वाट तयार झाल्यावर, देठ कापायचा. सांधा पक्का राहावा म्हणून ओल्या काताने माखलेल्या कापडाच्या पट्ट्या एकीवर एक ठेवायच्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेली फडकी घालायची. कपाळाची कातडी घेऊन नाक करण्याची ही विद्या याच हकिगतीवरून युरोपात गेली. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

तुपाची फडकी! त्या माणसाने जखम सुकू दिली नाही. याचे कारण शास्त्राने दाखवून दिले ते १९६२ मध्ये. जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने डुकरांच्या कातडीवर सारख्याच उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. असे का व्हावे? भाताची लावणी डोळ्यांपुढे आणा. चिखलणी केलेल्या खाचरात पाय सहज सरकतो. वाळून ढेकळे झालेल्या रानात वाट काढावी लागते. कडेवरून सरकणाऱ्या पेशींचे तसेच आहे. खपली कडक झाली की तिच्याखालून, खोल जाऊन, वाट पोखरत त्यांना पुढे जावे लागते. तेव्हा 'उघडी ठेव, सुकेल' हा सल्ला फारसा बरोबर नाही. ओलसर म्हणजे चिखलात नव्हे, हे मात्र खाडीत उतरणाऱ्यांनी ऐकावे. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, भोवतालचा भाग साबणाने साफ करावा, वर व्हॅसलीनचा पातळ थर देऊन स्वच्छ कापड बांधावे आणि ते रोज बदलावे. खाडीचे पाणी खारट असले तरी स्वच्छ नाही. उल्हास नदी वाटेतल्या शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी घेऊन इथवर येते.

आता हळद. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्या आजीची विद्या आपलीच ठरली, हे योग्यच झाले. पण आजी घरी कुटलेली हळद किरकोळ खरचटल्यावर लावीत असे. बाजारातली पूड खोल जखमेत कोंबली, तर तिच्याबरोबर धूळ आणि जंतूही आत जातात. शिवाय पिवळ्या रंगाखाली लाली पसरते आहे का, हे डॉक्टरला दिसत नाही. चुना तर कातडी भाजतो, तो मुळीच लावू नये.

घरगुती वस्तूंनाही शास्त्राने कधी कधी मान दिला आहे. भाजलेल्या रोग्याची पट्टी जखमेला चिकटते आणि बदलताना तो किंचाळतो. त्यावर मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी वापरली, आणि शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची. ही पट्टी चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि स्वस्तही पडते. अर्थात ती पाने आणि साली निर्जंतुक केलेल्या होत्या. परसातले पान तोडून बांधणे म्हणजे ती पट्टी नव्हे. घरी भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे, स्वच्छ कापडाने झाकावे आणि दवाखाना गाठावा. टूथपेस्ट नको, शाई नको.

दुखणारी जखम माणूस जपतो. न दुखणारी जास्त घातक. मधुमेह पुष्कळ वर्षांचा असला किंवा कुष्ठरोगाने नसा बधिर झाल्या असल्या, तर पायात काटा मोडला तरी पत्ता लागत नाही. माणूस त्यावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. अशा माणसाने रोज रात्री दिव्याखाली दोन्ही तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर आरसा घ्यावा, नाहीतर नातवाला पाहायला सांगावे. अनवाणी चालू नये, घरातसुद्धा.

शेवटी धनुर्वात. गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो असे म्हणतात, पण दोष गंजाचा नाही. त्याच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे टिकतात, आणि जिथे हवा पोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत ती जागी होतात. म्हणून मोठ्या कापलेल्या जागेपेक्षा तिवराच्या मुळाने किंवा काट्याने केलेले लहानसे भोक जास्त धोक्याचे. जखमेवर शेण किंवा माती लावणे म्हणजे ती बीजे आपल्या हाताने पेरणेच. पूर्वी बाळाची नाळ अस्वच्छ पात्याने कापल्याने आणि तिच्यावर शेण-राख लावल्याने कित्येक बालके दगावत. गरोदर मातांना लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे हे इतके आटोक्यात आले की २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. मुलांना बाळपणीच्या मात्रांनंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ही लस पुन्हा द्यायची असते. शिक्षकांनी शाळेत त्याची चौकशी ठेवावी. मोठ्या माणसाला खोल किंवा मातीची जखम झाली आणि शेवटची लस कधी घेतली ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. सरकारी केंद्रात ही लस फुकट मिळते.