आज्ञावली उलगडण्याचा हक्क

विकत घेतलेले घड्याळ उघडून कोणी त्याची चक्रे न्याहाळली, तर त्याला चोर म्हणत नाहीत. संगणकाच्या आज्ञावलीचे मात्र तसे नाही. ती यंत्रालाच उमजणाऱ्या अंकांच्या भाषेत विकली जाते. तिची घडण माणसाला वाचावयाची, तर आधी तिची प्रत काढावी लागते; आणि प्रत काढण्याचा हक्क कर्त्याचा! ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’चा सारा तंटा या अडचणीतून उद्भवतो.

सेगा या खेळयंत्रांच्या जपानी कंपनीने १९९१ साली अ‍ॅकोलेड या अमेरिकन कंपनीवर फिर्याद केली. अ‍ॅकोलेडने सेगाचे ‘जेनेसिस’ यंत्र व तीन खेळ रीतसर विकत घेतले, त्यांतील आज्ञावली उलगडली, आणि यंत्राशी जुळते कसे व्हावे याचे टिपण केले. त्या टिपणात सेगाच्या आज्ञा उतरविलेल्या नव्हत्या. खेळही अ‍ॅकोलेडने स्वतःचेच रचले. पुढे सेगाने यंत्राला एक कुलूपच घातले. ठरावीक जागी ‘सेगा’ या नावाची चार रोमन अक्षरे आढळली तरच खेळ चाले. आणि ती आढळताच, खेळ सेगाच्या परवान्याने निघाल्याचा मजकूर पडद्यावर उमटे. अ‍ॅकोलेडने ती अक्षरे घातली. साहजिकच मजकूर खोटा ठरला. पण तो लिहिला होता सेगानेच!

खालच्या न्यायालयाने सेगाची बाजू घेतली. अपील न्यायालयाने १९९२ साली तो हुकूम फिरविला. पाच ते पंधरा लाख बाइटांच्या खेळांत उसने घेतलेले बाइट होते अवघे वीस-पंचवीस. तत्त्व जाणण्याचा दुसरा मार्ग नसेल आणि हेतू रास्त असेल, तर अभ्यासापुरती प्रत काढणे गैर नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. चोख न्याय म्हणावयाचा तो हाच. कारण कल्पनेवर कर्तृत्वहक्क नसतो, आणि आज्ञावली वाचण्यास बंदी केली की कल्पनाही आपोआप कुलुपात जाते.

भारताच्या १९५७ च्या कायद्यातही १९९९ च्या दुरुस्तीने अशी मुभा आली. मात्र प्रत न्याय्य मार्गाने मिळालेली हवी, आणि जुळणीसाठी लागणारी माहिती अन्यत्र सहज उपलब्ध नसावी.

खरी मेख करारात आहे. ‘मान्य आहे’ या खुणेवर बोट ठेवताना गिऱ्हाईक उलगडण्याचा हक्क बहुधा न वाचताच सोडून देते. अमेरिकेत २००३ साली एका अपील न्यायालयाने असे कलम बंधनकारक मानले. युरोपने १९९१ च्या निर्देशातच, जुळणीसाठी उलगडण्यास मनाई करणारे कलम निरर्थक ठरवून ठेवले होते.