मालक नाही, मग सौदे बंद केले कोणी? 'हायपरलिक्विड'चं गणित समजून घ्या

२६ मार्च २०२५. हायपरलिक्विड या क्रिप्टो एक्सचेंजवर 'जेलीजेली' नावाच्या छोट्या टोकनचा भाव अचानक उसळला. थोड्याच वेळात या टोकनचे सगळे चालू सौदे बंद करण्यात आले. तेही बाजारभावाने नाही, तर त्याहून बऱ्याच खालच्या भावाने. हायपरलिक्विड हे विकेंद्रित एक्सचेंज आहे, म्हणजे सौदे थांबवणारा कोणी मालक नाही असा लोकांचा समज. मग हे केलं कोणी?

नेहमीच्या एक्सचेंजपेक्षा वेगळं काय?

नेहमीच्या एक्सचेंजवर पैसे आणि टोकन कंपनीच्या ताब्यात असतात. ॲपवर दिसतो तो फक्त आकडा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडालं आणि जुलै २०२४ मध्ये भारतातल्या वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरचे टोकन चोरीला गेले, तेव्हा ग्राहकांचे पैसे अडकले ते यामुळेच. विकेंद्रित एक्सचेंजवर वापरणारा स्वतःच्या वॉलेटने सही करतो आणि सौद्याची नोंद ब्लॉकचेनवर सगळ्यांना दिसते.

मग स्वतःची ब्लॉकचेन कशाला?

इथेरियमवर नवा ब्लॉक साधारण १२ सेकंदांनी येतो आणि प्रत्येक व्यवहाराला 'गॅस' फी लागते. शेअर बाजारात मात्र खरेदी-विक्रीच्या ऑर्डर क्षणाक्षणाला टाकल्या आणि मागे घेतल्या जातात. तेवढा वेग इथेरियमवर जमत नाही. म्हणून युनिस्वॅपसारखी एक्सचेंज दोन टोकनचा साठा ठेवतात आणि सूत्राने भाव ठरवतात. साठा लहान आणि सौदा मोठा असला, की भाव सरकतो.

हायपरलिक्विडने वेगळी वाट धरली. गर्दीच्या मंडईत गाळा भाड्याने घेण्याऐवजी स्वतःचं मार्केट यार्डच उभारलं. इथे ऑर्डर टाकणं, रद्द करणं, जुळवणं हे सगळं फक्त ट्रेडिंगसाठी बनवलेल्या ब्लॉकचेनवर सेकंदाच्या आत होतं. ऑर्डरला गॅस लागत नाही, सौदा झाला तरच फी. डीवायडीएक्स या एक्सचेंजनेही २०२३ मध्ये स्वतःची ब्लॉकचेन सुरू केली.

यार्ड चालवतं कोण?

'व्हॅलिडेटर'. प्रत्येक व्यवहार तपासून नोंदवणारे हे संगणक आणि त्यांचे चालक. ज्याच्यामागे 'हाइप' टोकन जास्त गुंतलेले, त्याच्या मताला वजन जास्त. आर्बिट्रम ब्लॉकचेनच्या पुलावरून आत आणलेले पैसे परत काढायलाही व्हॅलिडेटरांच्या दोन तृतीयांश वजनाच्या सह्या लागतात.

त्या दिवशी काय झालं?

एका ट्रेडरने जेलीजेलीचा भाव पडेल असा मोठा सौदा घेतला आणि मग त्यामागचं तारण काढून घेतलं. नियमाप्रमाणे तो सौदा एक्सचेंजच्या सामायिक निधीच्या गळ्यात पडला. या निधीत सामान्य वापरकर्त्यांचे पैसे असतात. तिकडे टोकनची जोरदार खरेदी होऊन भाव चढत गेला आणि निधीचा कागदावरचा तोटा १ कोटी डॉलरच्या पुढे गेला. तेव्हा व्हॅलिडेटरांनी मतदान करून टोकन हटवलं आणि सगळे सौदे ०.००९५ डॉलर भावाने मिटवले.

निधी वाचला. पण भाव चढेल म्हणून सौदा घेतलेल्यांचा नफा हातातून गेला. संशयास्पद खाती वगळता इतरांना भरपाई देण्याचं हायपरलिक्विडच्या फाउंडेशनने जाहीर केलं. काहींच्या मते ही गरजेची कारवाई होती, तर काहींच्या मते खेळ चालू असताना बदललेला नियम.

उतरण्याआधी काय पाहावं?

• व्हॅलिडेटर किती आहेत, सर्वाधिक वजन कोणाकडे आहे? 'विकेंद्रित' या शब्दाचा खरा अर्थ इथे कळतो.
• इथे ठरलेल्या पद्धतीने लिलावात बोली लावून कोणीही नवं टोकन आणू शकतं. यादीत नाव आहे म्हणजे टोकन चांगलं, असं नाही.
• उधारीवरच्या सौद्यात भाव थोडा उलटा फिरला तरी तारण संपतं.
• वॉलेटची किल्ली हरवली तर ती परत मिळवून देणारं कस्टमर केअर नाही.
• एक्सचेंज कुठलंही असो, भारतात एप्रिल २०२२ पासून टोकन विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

कंपनीवरचा विश्वास इथे लागत नाही, हे खरं. पण यार्ड चालवणाऱ्यांवरचा विश्वास मात्र लागतोच.